परिकल्पनेची चाचणी: काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिक शहरातील इंदिरानगर ही वस्ती मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने वाढत गेली, आणि तिच्यातील पुष्कळ कुटुंबांचा निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांतील शेतीशी असलेला संबंध अद्याप तुटलेला नाही. त्यामुळे येथून निरनिराळ्या महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींना संख्याशास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात ‘परिकल्पनेची चाचणी’ हे प्रकरण भेटते आणि ते रुक्ष व परके वाटू लागते, तेव्हा त्या प्रकरणाचा विषय आपल्या घरात पूर्वीपासूनच वावरतो आहे हे त्यांच्या ध्यानी आणून देणे अवश्य ठरते. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली लागली म्हणजे टंचाईच्या सवलतींचा प्रश्न उभा राहतो; आणि ती पैसेवारी काय किंवा पीकविम्याची नुकसानभरपाई काय, या दोहोंच्या मुळाशी निवडक शेतांत आखलेल्या लहानशा प्लॉटांतील पीक कापून, मळून, तोलून घेतलेल्या नोंदी असतात. थोड्या नमुन्यावरून संपूर्ण महसूल मंडळाविषयी बोलण्याचा अधिकार कोठवर पोहोचतो, हाच त्या प्रकरणाचाही प्रश्न आहे.

या प्रकरणातील उदाहरणे सोडविताना विद्यार्थ्यांचा हिशेब सहसा चुकत नाही. सूत्र बरोबर असते, भागाकार बरोबर असतो, कोष्टकातील आकडाही बरोबर शोधलेला असतो. चुकते ते शेवटचे वाक्य, ज्यात निष्कर्ष लिहावयाचा असतो. सबब एकच कल्पित उदाहरण घेऊन त्या वाक्याभोवती साचलेले गैरसमज क्रमाने तपासू.

समजा, एका तालुक्यात बाजरीच्या प्रचलित वाणाचे सरासरी उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल आहे. नव्या वाणाचे २५ प्लॉट यदृच्छेने निवडून कापले, तेव्हा सरासरी १०.८ क्विंटल आणि प्रमाण विचलन २ क्विंटल आले. नव्या वाणाचे उत्पन्न वेगळे आहे काय? शून्य परिकल्पना अशी की फरक नाही. प्रमाण त्रुटी म्हणजे २ भागिले २५ चे वर्गमूळ, अर्थात ०.४, म्हणून टी-मूल्य ०.८ भागिले ०.४, म्हणजे २.०. वर्गात ज्यांना डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात त्या येथे २४ आहेत, आणि त्यांच्यासमोर ५ टक्के पातळीची द्विपुच्छ सीमा २.०६४ अशी दिलेली आहे. आपले मूल्य तिच्या किंचित आत राहते. पी-मूल्य सुमारे ०.०५७ येते.

गैरसमज १: पी-मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता

वस्तुस्थिती: ‘दोन्ही वाणे सारखीच असण्याची शक्यता ५.७ टक्के’ असा अर्थ लावण्याचा मोह स्वाभाविक आहे, परंतु तो अर्थ या आकड्यात नाही. दोन्ही वाणांत वस्तुतः काहीच फरक नसता, तरीही केवळ यदृच्छेने, कोणत्या ना कोणत्या बाजूस, इतके किंवा याहून टोकाचे टी-मूल्य शंभरांत सुमारे सहा वेळा मिळाले असते, एवढेच तो सांगतो. येथे परिकल्पना गृहीत धरून आरंभ केला आहे. आणि जे गृहीत धरले त्याची संभाव्यता त्याच गृहीतातून निष्पन्न होऊ शकत नाही.

या दोन गोष्टींतील अंतर किती मोठे असू शकते, हे एका साध्या मोजणीने दिसते. समजा १,००० नवी वाणे तपासावयाची आहेत आणि त्यांतील १०० च खरोखर सरस आहेत. चाचणी सरस वाणांपैकी ८० टक्के ओळखते आणि ५ टक्के पातळी वापरते. मग सरस वाणांतून ८० आणि उरलेल्या ९०० सामान्य वाणांतून ४५ अशी एकूण १२५ वाणे ‘सार्थक’ म्हणून पुढे येतील. त्या १२५ पैकी ४५, म्हणजे ३६ टक्के, निव्वळ यदृच्छेची देणगी असतील, जरी पातळी ५ टक्क्यांचीच ठेवलेली होती.

परिकल्पनेचीच संभाव्यता हवी असेल, तर पुरावा हाती येण्यापूर्वी तिला किती संभाव्य मानले होते हे प्रथम मांडावे लागते, असा केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीज यांचा आग्रह होता. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची १९५३ साली उभारणी करणारे वसंत शंकर हुजूरबाजार याच जेफ्रीज यांचे शिष्य. त्याच्या उलट पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अध्ययन केले ते जर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांच्या सहवासात, जेथे परिकल्पनेला संभाव्यता न देता चुकांचे प्रमाण आवाक्यात ठेवणारे नियम शोधले जात होते. दोन्ही मार्ग शास्त्रशुद्ध आहेत आणि दोन्ही महाराष्ट्रीय विद्वानांनी मूळ ठिकाणी जाऊन आत्मसात केले. मात्र एका मार्गाने काढलेले उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाखाली लिहिता येत नाही.

गैरसमज २: शून्य परिकल्पना नाकारता आली नाही, म्हणजे ती सिद्ध झाली

वस्तुस्थिती: आपल्या उदाहरणात २.० हे मूल्य २.०६४ च्या आत राहिले, म्हणून ‘नवे वाण जुन्याइतकेच आहे’ असे लिहिणारा विद्यार्थी पुराव्याच्या पलीकडे जातो. त्याच आकड्यांवरून ९५ टक्के विश्वास-अंतराल काढला तर तो सुमारे ९.९७ ते ११.६३ क्विंटल असा येतो. नवे वाण जुन्याइतकेच असणे या नोंदींशी विसंगत नाही, तसेच ते हेक्टरी दीड क्विंटलने सरस असणेही विसंगत नाही. किंबहुना खरा फरक ०.८ क्विंटलचा असता, तरीही २५ प्लॉटांच्या या चाचणीच्या हातून तो जवळजवळ निम्म्या वेळा निसटला असता. नेमन आणि पिअर्सन यांनी ज्या दुसऱ्या प्रकारच्या चुकीचा विचार शास्त्रात रूढ केला ती हीच, आणि ती टाळण्याचा उपाय प्लॉट किती घ्यावेत हे आधी ठरविणे हा आहे. पुरावा अपुरा असणे आणि फरकाचा अभाव असणे या भिन्न अवस्था आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे उपयुक्त बियाणे निष्कारण बाजूस पडते.

गैरसमज ३: ०.०५ ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे

वस्तुस्थिती: रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विसांत एक हे प्रमाण सोयीचे म्हणून सुचविले, आणि पुढे पाठ्यपुस्तकांच्या शिरस्त्याने त्यास नियमाचे स्वरूप आले. निर्णय चुकल्यास होणारी हानी पाहून पातळी ठरविणे हे योग्य. मूलकणांच्या शोधात भौतिकीतील शास्त्रज्ञ पाच प्रमाण विचलनांची अट घालतात, जिची संभाव्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी अल्प असते. ०.०५७ आणि ०.०४९ या दोन पी-मूल्यांत पुराव्याच्या दृष्टीने म्हणण्यासारखे अंतर नाही. म्हणून ‘नाकारली’ किंवा ‘नाकारली नाही’ एवढेच न लिहिता मूल्यही नमूद करावे.

याच्याशी संलग्न असा एक दोष अधिक गंभीर आहे. आपल्याच उदाहरणात चाचणी एकपुच्छ केली, तर सीमा २.०६४ वरून १.७११ वर उतरते, पी-मूल्य निम्मे, म्हणजे सुमारे ०.०२८ होते, आणि जी परिकल्पना आताच टिकली होती ती नाकारली जाते. आकडे तेच, पीक तेच, परंतु निकाल उलटा. नवे वाण सरसच आहे काय, एवढाच प्रश्न कापणीपूर्वी लिहून ठेवलेला असेल तर एकपुच्छ चाचणी न्याय्य आहे; आकडे पाहून मग पुच्छ निवडले असेल, तर त्या ०.०२८ ला काहीच अर्थ उरत नाही. उदाहरण सोडविताना ‘वेगळे आहे काय’ आणि ‘अधिक आहे काय’ या शब्दांकडे बारकाईने पाहावयाचे ते याच कारणासाठी.

गैरसमज ४: सार्थक म्हणजे महत्त्वाचा

वस्तुस्थिती: समजा प्लॉट १०,००० घेतले आणि सरासरी १०.०५ क्विंटल आली. प्रमाण विचलन तेच असल्यास प्रमाण त्रुटी ०.०२, चाचणीचे मूल्य २.५, आणि पी-मूल्य सुमारे ०.०१२. निकाल सार्थक ठरला, परंतु फरक हेक्टरी पाच किलोंचा आहे, ज्यासाठी कोणताही शेतकरी बियाणे बदलणार नाही. फरकाचे मान किती आणि त्याची अनिश्चितता किती, हे चाचणीच्या निकालाशेजारी लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे.

गैरसमज ५: नमुना मोठा घेतला म्हणजे चूक आपोआप नाहीशी होते

वस्तुस्थिती: या गैरसमजाचे सर्वांत बोधप्रद निरसन कृषिसंख्याशास्त्राच्या इतिहासात झालेले आहे, आणि त्यात अग्रभागी होते सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले, वर उल्लेखिलेले सुखात्मे. पूर्वी पिकाची आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी, नजरअंदाजाने ठरत असे. त्या जागी यदृच्छेने निवडलेल्या शेतांतील प्रत्यक्ष कापणी आणण्याचे कार्य कृषि संशोधन परिषदेत सुखात्मे आणि त्यांचे सहकारी करीत होते. त्याच सुमारास बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांची विस्तृत सर्वेक्षणे चालू होती, ज्यांत कापणीचे प्लॉट पुष्कळच लहान असत. अतिशय लहान प्लॉट घेतल्यास उत्पन्नाचा अंदाज वस्तुस्थितीहून अधिक येतो, हे सुखात्मे यांनी प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखविले, आणि प्लॉटच्या आकाराविषयी या दोन थोर संख्याशास्त्रज्ञांत १९४० च्या दशकात दीर्घ वाद झाला.

कारण अत्यंत साधे आहे. प्लॉटच्या नेमक्या कडेवर उभी असलेली रोपे आत धरावयाची की बाहेर, हा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ती आत घेण्याकडे वळतो. चारही बाजूंनी केवळ पाच सेंटिमीटर जास्तीचे पीक कापले गेले असे मानू. एक मीटर बाजूच्या चौरसात प्रत्यक्ष बाजू १.१ मीटर होऊन क्षेत्र १.२१ चौरस मीटर भरेल, म्हणजे चूक २१ टक्क्यांची. पाच मीटर बाजूच्या चौरसात तीच चूक सुमारे ४ टक्क्यांवर येईल. आता आपले बाजरीचे उदाहरण पुन्हा पाहावे. तेथे मिळालेला सारा लाभ ८ टक्क्यांचा होता. जुन्या वाणाची सरासरी मोठ्या प्लॉटांवरून आणि नव्याची एक मीटरच्या चौकटीतून काढलेली असेल, तर तो लाभ बियाण्याचा नसून चौकटीचा असेल; आणि असे १०,००० प्लॉट कापले तर प्रमाण त्रुटी घटून टी-मूल्य मात्र अधिकच दिमाखदार होईल. नमुना वाढविल्याने यदृच्छेचा भाग घटतो, पद्धतीतील झुकाव जागच्या जागी राहतो. कृषिसंख्याशास्त्रज्ञ पानसे आणि सुखात्मे यांनी शेतीतील कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यावर या देशातील कृषिसंशोधकांच्या पिढ्या शिकल्या.

गैरसमज ६: नमुना ३० च्या वर गेला की सर्व अटी पुऱ्या झाल्या

वस्तुस्थिती: २९ डिग्रीज ऑफ फ्रीडमसमोर टीची द्विपुच्छ सीमा २.०४५ आहे आणि प्रसामान्य वितरणाची १.९६, दोहोंत फारसे अंतर नाही, एवढाच त्या ३० चा आधार. एकाच शेतकऱ्याच्या एकाच शेतातील ३० प्लॉट मात्र एकच जमीन, एकच पाणी आणि एकच खत यांची ३० वेळा केलेली नोंद आहे, आणि तालुक्याविषयी बोलण्यास ती ३० स्वतंत्र साक्षी म्हणून चालत नाही.

गैरसमज ७: सूत्र सापडले म्हणजे उदाहरण सुटले

वस्तुस्थिती: उदाहरण कोठल्या समष्टीविषयी आहे, काय मोजले, आणि कोणत्या कारणाने फरक पडावा अशी अपेक्षा आहे, हे सूत्रापूर्वी लिहावयाचे असते. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे, म्हणून त्याच क्षेत्रातील दाखला देतो. गोव्यात १९०७ साली जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन आहत नाण्यांच्या कालक्रमाचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा प्रथम त्यांनी एक भौतिक विचार मांडला: टांकसाळीतून बाहेर पडलेले नाणे हातोहात फिरताना झिजते, म्हणून जितका काळ ते चलनात राहील तितके त्याचे सरासरी वजन घटले पाहिजे आणि वजनांमधील परस्परभिन्नता वाढली पाहिजे. चालू नाणी तोलून त्यांनी हा विचार पडताळला आणि तक्षशिलेच्या साठ्यांतील नाण्यांना लावला. विचार आधी सिद्ध असल्यामुळेच त्यांच्या चाचण्यांतील आकड्यांना इतिहासाचा अर्थ प्राप्त झाला.

याच्या उलट टोकास जाऊन, विचार न करता हाती आलेल्या नोंदींवर एकामागून एक चाचण्या लावीत गेले तर काय होते, तेही मोजता येते. कोठेही खरा फरक नसताना ५ टक्के पातळीच्या २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर त्यांतील किमान एक सार्थक निघण्याची संभाव्यता सुमारे ६४ टक्के असते. ती एक चाचणी उचलून उरलेल्या १९ वगळणे ही वाचकाची दिशाभूल होय.

मग बाजरीच्या उदाहरणाचे शेवटचे वाक्य कसे लिहावे? ते असे लिहावे: ‘यदृच्छेने निवडलेल्या २५ प्लॉटांत नव्या वाणाची सरासरी प्रचलित वाणापेक्षा ०.८ क्विंटलने अधिक आली. द्विपुच्छ चाचणीत पी-मूल्य सुमारे ०.०५७ असल्याने ५ टक्के पातळीवर शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. तथापि ९५ टक्के विश्वास-अंतराल ९.९७ ते ११.६३ क्विंटल इतका रुंद आहे की उपयुक्त लाभाची शक्यता निकालात काढता येत नाही, म्हणून अधिक प्लॉटांवर पुन्हा कापणी करणे इष्ट.’ परीक्षेत या वाक्याला कदाचित एकच गुण असेल. परंतु पीककापणीच्या अशाच नोंदींवर एखाद्या मंडळातील हजारो कुटुंबांची भरपाई ठरते, आणि त्या नोंदींचा अर्थ लावणारा अधिकारी उद्या आजच्या याच वर्गातून जाणार आहे. म्हणून ते वाक्य नेमके लिहिण्याची सवय त्याला आजच लागली पाहिजे.