धावत्या पायांची गोष्ट, लेखांक ७ : अनवाणी

लातूर असो की नांदेड, पहाटे पाचला कुठल्याही मोकळ्या मैदानावर गेलं की भरतीची पोरं आधीच उतरलेली दिसतात. कडेला चपला-बुटांची रांग असते. त्यातला एखादा जोड उचलून पाहावा. टाचेची बाहेरची कड झिजून तिरपी झालेली, चवड्याजवळ सोल सुटलेला आणि चांभाराकडून जाड दोऱ्यानं टाके मारून घेतलेले. त्या जोडाचा मालक तेव्हा मैदानावर अनवाणी फेऱ्या मारत असतो. बूट घातला की पाय जड होतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बाजूनं पळणाऱ्या पोराच्या पायात मात्र नवे, जाड गादीचे बूट असतात, कारण त्याच्या नडग्या ठणकतात आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की चांगला बूट घेतला की थांबेल.

दोघांचं लक्ष्य एकच. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. त्यातले २० धावण्याच्या मोठ्या अंतराचे, पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर. मुदखेडला सीआरपीएफचं आणि चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र असल्यानं या दोन जिल्ह्यांतल्या पोरांना गणवेश लांबचा वाटत नाही. ‘ग्राउंड निघालं’ हा शब्द इथं घराघरांत कळतो. आणि ‘शिन पेन’ हा शब्दही.

नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार बोटांपासून सुरू होणारं हे दुखणं. १६०० मीटर वेगानं पळायला साधारण नऊशे ते हजार पावलं पडतात. दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार एका पायावर येतो. हाड त्यानं लगेच मोडत नाही. त्याला बारीक बारीक ताण बसतात आणि विश्रांतीत ते भरून निघतात. भरून निघण्याआधीच पुढचा ताण बसत गेला, की आधी ठणका आणि मग सूक्ष्म चीर. मग दोष कुणाचा? बुटाचा, की बूट नसण्याचा?

पाऊल पडतं कसं, तिथूनच सुरुवात करावी लागते. जाड टाचेच्या बुटात बहुतेक माणसं पाय पुढं टाकून टाचेवर उतरतात. गादी असल्यानं टाचेला लागत नाही, पण धक्का वर जातोच. बूट काढून त्याच माणसाला मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर पळवलं, तर दहा-वीस पावलांत त्याची चाल बदलते. ढांग आखूड होते, पावलं भरभर पडतात, गुडघा जरा जास्त वाकतो आणि पाय चवड्यावर किंवा सपाट उतरून मग टाच हलकेच टेकते. शिकवावं लागत नाही, खडाच शिकवतो.

हार्वर्ड विद्यापीठातले उत्क्रांतीचे अभ्यासक डॅनियल लिबरमन यांनी हेच मोजून पाहिलं. अमेरिका आणि केनियातल्या धावपटूंची तुलना करणारा त्यांचा लेख जानेवारी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. टाचेवर उतरताना आलेखात जो अणकुचीदार पहिला ठोका दिसतो, तो चवड्यावर उतरणाऱ्या अनवाणी धावपटूंमध्ये जवळजवळ दिसत नव्हता. त्याच्या आदल्याच वर्षी ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं होतं. मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या खोल दऱ्यांत राहणारे रारामुरी लोक मैलोन् मैल पळतात ते पायात काय घालून, तर जुन्या टायरचा तुकडा कापून पट्ट्यांनी बांधलेल्या चपला. पाश्चात्त्य वाचकाला हे नवल वाटलं. मराठवाड्यातल्या वाचकाला वाटायचं कारण नाही. टायरची चप्पल आपल्या आठवडी बाजारांतही मिळायची: जाड रबराचा तळ, वर आडवे पट्टे, खिळे आतून वळवून ठोकलेले. बाभळीचा काटा तिच्यातून आरपार जाऊ शकत नसे, म्हणून ती रानात चालायची. तळ सपाट, टाचेला उंची नाही, बोटं मोकळी. आज ज्याला ‘मिनिमलिस्ट’ बूट म्हणतात त्याची लक्षणं याहून फार वेगळी नाहीत. तळ तेवढा पातळ आणि वाकणारा हवा. शाळेचा कॅनव्हासचा पीटी शू तर त्याच जातीचा.

पुस्तकानंतर लाट आली. बोटांना वेगवेगळे कप्पे असलेले ‘फाइव्हफिंगर्स’ बूट धडाधड खपले. बनवणारी व्हायब्रम कंपनी सांगत होती की यानं पायाचे स्नायू बळकट होतात आणि इजा टळतात. अमेरिकेत त्यावर २०१२ मध्ये ग्राहकांच्या वतीनं दावा लागला आणि २०१४ मध्ये कंपनीनं ३७.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. चूक केल्याचं मान्य केलं नाही, पण तसा दावा पुराव्याशिवाय न करण्याचं कबूल केलं.

दरम्यान, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात सारा रिज आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ३६ सरावलेले धावपटू, १० आठवडे. १९ जणांना हळूहळू फाइव्हफिंगर्सवर आणलं, बाकीचे आपल्या नेहमीच्या बुटांत. आधी आणि नंतर पायाचं एमआरआय. १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडात सूज वाढलेली आढळली. ही माणसं नवखी नव्हती, आणि १० आठवडे म्हणजे अडीच महिने. तेवढेही अपुरे पडले.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट समोर आली. उत्तर केनियातल्या दासानाच लोकांचं आयुष्य अनवाणीच जातं. त्यांना आरामशीर वेगानं पळायला सांगितलं, तर बहुतेक जण टाचेवरच उतरले. म्हणजे ‘अनवाणी माणूस चवड्यावरच पळतो’ हा नियमही सरसकट खरा नाही. जमीन, वेग, सवय, सगळ्यांचा त्यात हात असतो.

मग लिबरमन चुकले का? नाही. त्यांनी पावलाचा धक्का मोजला, इजा मोजली नव्हती. धक्का कमी झाला म्हणजे भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. टाच आणि गुडघ्यावरचा भार पोटरी, टाचेमागची जाड शीर आणि चवड्याची लांब हाडं यांच्याकडे जातो. गुडघा दुखणाऱ्याला त्यानं बरं वाटू शकतं. ज्याची पोटरी कच्ची, त्याला ते महागात पडतं. अनवाणी धावणं हे औषध नाही. तो एक वेगळा व्यायाम आहे, आणि तो नव्यानं सुरू करणाऱ्याचा पाय त्या व्यायामापुरता पहिलीतला असतो.

मराठवाड्याला याचा पडताळा दरवर्षी येतो. नवरात्रात कितीतरी घरांत नऊ दिवस पायताण सोडलं जातं. ऑफिसात, कॉलेजात, बसस्टँडवर, सगळीकडे अनवाणी. त्यानंतर पौर्णिमेला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. लातूरहून औशामार्गे पाऊणशे किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि ऊन ऑक्टोबरचं. यात शेतात वावरणाऱ्या बाया असतात, त्यांच्या तळव्याला वर्षानुवर्षांचा घट्टा असतो, टाचेच्या भेगांत बिब्ब्याचा काळा डाग असतो. आणि त्यांच्या शेजारी वर्षभर मऊ तळाच्या बुटांत खुर्चीवर बसलेला माणूसही त्याच श्रद्धेनं निघालेला असतो. पहिल्या दिवशी तळव्याला फोड येतात. ते दिसतात, म्हणून त्यांची काळजी घेतली जाते. तिसऱ्या दिवशी टाचेच्या आतल्या बाजूला सकाळी पहिल्या पावलाला उठणारी कळ, किंवा चवड्यात एका बोटामागं दाबलं की दुखणारी जागा, हे दिसत नाही. नवसात कसूर नको म्हणून माणूस चालत राहतो. श्रद्धा दोघांची सारखीच असते. पायांची तयारी मात्र एकीची तीस वर्षांची असते आणि दुसऱ्याची तीन दिवसांची.

तयारी लहानपणी होते तेव्हा काय घडतं, याचा एक ठोस पुरावा शेजारच्या कर्नाटकातून मिळतो. राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांचे तळवे तपासले. तो अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. पुढून बंद बुटांत ते सर्वांत जास्त होतं. केंद्रीय दलांच्या भरतीत ‘फ्लॅट फूट’ म्हणून वैद्यकीयला बाहेर पडलेली पोरं नांदेड-लातूरच्या अकॅडम्यांत भेटतात. ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून पाहण्याचा प्रकार तिथं सर्रास चालतो. त्या पोरांना आज अनवाणी पळवून कमान उगवणार नाही. पण पाच वर्षांच्या लेकराला अंगणात, गवतात, मातीत पायताणाशिवाय खेळू द्यायला काय हरकत आहे?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा, कारण तिथं दुसरी सोय नव्हती. तो ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकला. त्याच्या पायात तेव्हा स्पाइक्स होते. पण त्या पायांखाली शाळेची ती सगळी वर्षं होती, आणि ती कुठल्या दुकानात मिळत नाहीत. इथिओपियाच्या अबेबे बिकिलानं १९६० मध्ये रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली आणि १९६४ मध्ये टोकियोची बूट घालून. दोन्ही वेळा जागतिक विक्रमी वेळ. बारामतीत २०१३ मध्ये लता करे नऊवारीत पळाल्या, चपला निसटल्या तशा अनवाणी पळाल्या आणि ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत जिंकल्या. नवऱ्याच्या तपासणीचे पैसे हवे होते. साठी ओलांडलेल्या त्या बाईच्या पायांना रानातल्या कष्टांनी आधीच घडवलं होतं. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या या बाईचं कौतुक करताना एक विसरू नये: ती शर्यत तिनं हौसेनं अनवाणी पळलेली नव्हती.

अनवाणीचं गुणगान करणाऱ्यांनी आपली जमीनही पाहावी. काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात घोटा मुरगळतो. पावसाळा सरला की माळावर सराटे पसरतात. चार टोकांचा तो काटा कसाही पडला तरी एक टोक वर असतंच. तो चवड्यात मोडून आत राहिला की आठवडाभराचा सराव गेला. पहाटेच्या अंधारात गवतातून किंवा पांदीनं पळणं तर टाळावंच. ग्रामीण भागातले बहुतेक सर्पदंश पायालाच होतात, आणि नांदेड जिल्ह्यात मुखेडला सर्पदंशावर वर्षानुवर्षं उपचार करणारे डॉ. दिलीप पुंडे यांच्यासारखे डॉक्टर अंधारात पायात बूट आणि हातात बॅटरी हवी, असं कळकळीनं सांगत असतात. ज्याला मधुमेह आहे आणि तळव्याची जाणीव बोथट झाली आहे, त्यानं अनवाणी धावणं तर सोडाच, तुळजापूरच्या वाटेवरही पायताण सोडू नये. तापलेल्या डांबरानं कातडी भाजली तरी त्या पायाला कळत नाही.

तर भारी बूट घ्यावा का? अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन कोअरमध्ये जोसेफ नापिक यांच्या गटानं हजारो नव्या रंगरुटांवर एक साधा प्रयोग केला. निम्म्यांना तळव्याच्या कमानीचा आकार पाहून खास बूट दिले, उरलेल्यांना सरसकट एकच प्रकार. प्रशिक्षण संपेपर्यंत इजांच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. पुढं २०२२ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं १२ चाचण्यांमधल्या ११ हजारांहून जास्त लोकांचा आढावा घेतला; अमुक एका प्रकारच्या बुटानं इजा टळते, असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा त्यात निघाला नाही. मजुरीचे पैसे साठवून सहा-सात हजारांचा बूट घेणाऱ्या बापाला हे कुणीतरी सांगायला हवं. पायाला नीट बसणारा, बोटं न दाबणारा, तळ न झिजलेला साधा बूट पुरतो.

पायच बळकट केला तर? साओ पाउलोमध्ये उलिसिस तादेई आणि सहकाऱ्यांनी ११८ हौशी धावपटूंचे दोन गट केले. एकाला तळव्याचे आणि घोट्याचे व्यायाम दिले, दुसऱ्याला फक्त ताणाचे. वर्षभरात दुसऱ्या गटात इजेची शक्यता २.४२ पट निघाली. हा अभ्यास २०२० चा. व्यायामांना पैसा लागत नाही: पंजा जमिनीवर ठेवून बोटं न वळवता कमान उचलणं, बोटं पसरणं, बोटांनी कापड ओढणं, एका पायावर उभं राहून टाच वर करून सावकाश खाली आणणं. इथंच अनवाणीपणाची खरी जागा आहे, असं या लेखमालेला वाटतं. सगळा सराव बूट काढून करण्यात नाही. घरात, अंगणात बूट काढून वावरण्यात आणि मैदानावर सराव संपल्यावर मऊ मातीत पाच मिनिटं हलकं पळण्यात. दर आठवड्याला त्यात दोन-तीन मिनिटं वाढवावीत. पोटरी दुसऱ्या दिवशी आंबली तर चालेल. हाडावर बोट ठेवलं की एकाच जागी कळ येत असेल, तर त्या दिवसापासून धावणं बंद आणि डॉक्टर गाठायचा.

घटस्थापना आश्विनात. यंदा तुळजापूरला अनवाणी जायचं ज्यानं मनात धरलं आहे, त्यानं श्रावणातच पायताण काढावं: आधी घरात, मग अंगणात, मग सकाळी गावाच्या वेशीपर्यंत. दोन महिने मिळतात.

(पुढील आठवड्यात : शिन पेन आणि हाडाची चीर, फरक कसा ओळखायचा?)