छप्पर नसलेला पूल

रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांमधली पायवाट वहाळापाशी येऊन अडते. पलीकडे जायला साकव लागतो: या काठावरून त्या काठावर टाकलेली पोफळीची किंवा माडाची चार-सहा खोडं, सुंभानं आवळलेली, आणि एका अंगाला हाताला धरायला बांबू.

साकवाला छप्पर नसतं. युरोपात मात्र अनेक जुन्या लाकडी पुलांवर छप्पर असतं. स्वित्झर्लंडमधल्या लुझर्नचा चौदाव्या शतकातला पूल सुमारे दोनशे मीटर लांब आहे आणि त्यावर टोकापासून टोकापर्यंत कौलं आहेत. ती वाटसरूपेक्षा लाकडासाठी आहेत, कारण तुळया कोरड्या राहिल्या तर शतकानुशतकं टिकतात. 1993च्या ऑगस्टमध्ये आगीत या पुलाचा मोठा भाग आणि छताखालची बरीचशी चित्रं जळाली, तेव्हा शहरानं तो वर्षभराच्या आत पुन्हा उभा केला.

रायगडच्या किनाऱ्याला ही युक्ती उपयोगाची नव्हती. इथे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि खाडीलगतच्या वहाळात भरतीचं खारं पाणी उलटं चढतं. वरून झाकलं तरी लाकूड खालून भिजणारच. म्हणून साकव टिकवण्यापेक्षा तो पुन्हा घालण्याची रीत पडली. मला ही रीत कमी प्रतीची वाटत नाही.

यात झाडाची पारख लागते. पोफळीच्या खोडाला सागासारखा गाभा नसतो. तिची सगळी ताकद बाहेरच्या कडक कवचात असते आणि आत नुसता मऊ भुसा. याच कारणानं पोफळ पोखरून वाडीच्या पाण्याची पन्हळ करता येते. पण पाणी कापलेल्या टोकातून आत शिरलं, की वरून धडधाकट दिसणारं खोड आतून पोकळ होतं. त्यामुळे जाणता माणूस साकवावर पाय टाकण्याआधी खोड ठोकून आवाज ऐकतो. खोडं टाकतानाही एकाचा बुडखा या काठाला, तर शेजारच्याचा त्या काठाला ठेवला की चालायची बाजू सपाट राहते.

पक्का पूलही कायम टिकतोच असं नाही. हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळणाऱ्या सावित्री नदीवर महाडला 1928चा दगडी पूल होता. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री तो पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल वर्षभराच्या आत झाला. दगडी पूल पक्का म्हणून माणसं निर्धास्त असतात. साकव कच्चा हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून त्याच्याकडे रोज कुणाचं तरी लक्ष असतं.

आता बहुतेक वहाळांवर सिमेंटचे साकव झाले आहेत आणि ते व्हायलाच हवे होते. शाळेतल्या पोरांनी आणि डोलीतून न्यायच्या आजाऱ्यांनी ओल्या खोडांवरून का जावं? काळजी आहे ती जाणकारीची. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नुसती फळायलाच पाच-सात वर्षं घेते, माणसाचं वजन पेलणारं खोड व्हायला त्याहून कितीतरी जास्त. तोवर साकव घालणारे हात म्हातारे होतील. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी या पावसाळ्याआधीच इथे यावं, उरलेल्या साकवांची मापं घ्यावीत आणि खोडं कशी निवडतात ते या माणसांच्याच तोंडून लिहून घ्यावं.