बाह्यरुग्ण व्यसनोपचारात समदुःखी गटांचे स्थान

बाह्यरुग्ण विभागात उपचार घेणारा मद्यासक्त रोज आपल्या जुन्याच परिसरात परततो. पुन्हा मद्यपान घडल्यास लज्जेने तो अनेकदा डॉक्टरांनाही टाळतो. त्याच अनुभवातून गेलेल्या व्यक्तीपाशी मात्र कबुली देणे सुकर होते. समदुःखी गटांचे महत्त्व येथेच आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा उदय झाला. दुसऱ्यास सावरताना स्वतःचाही संयम टिकतो, हा तिचा पाया. २०२० च्या कॉक्रेन समीक्षेत २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींचा विचार झाला. अशा गटांशी रुग्णास आखीव पद्धतीने जोडणारे उपचार अखंड मद्यवर्जनाबाबत अन्य प्रस्थापित उपचारांहून सरस ठरले. तथापि मद्य सोडताना उद्भवणारे झटके व भ्रम यांवर वैद्यकीय उपचारच हवेत. म्हणून गट हा डॉक्टरांना पर्याय नसून, दोन भेटींमधील दिवसांचा आधार होय.