पाण्याची किंमत कोणी मोजायची?

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आपल्या परिचयाची आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसराने तिचा अधिक क्रूर अर्थ अनुभवला. खडकवासला धरणाच्या पायथ्याशी असलेल्या नांदेड, किरकटवाडी व लगतच्या भागांत हातपाय लुळे पाडणाऱ्या ‘गुलेन बॅरी’ विकाराने एकाएकी थैमान घातले. शहर व जिल्हा मिळून दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. कित्येकांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले, काही दगावले.

हा विकार स्वतः संसर्गजन्य नाही. परंतु त्याचे निमित्त बहुधा संसर्गच असतो. दूषित पाण्यातून वा अर्धकच्च्या मांसातून ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू आतड्यात शिरतो. त्याच्या आवरणावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंशी मिळतेजुळते असतात. त्यामुळे जुलाब थांबल्यावरही, जिवाणूशी झुंजण्यासाठी शरीराने सिद्ध केलेली प्रतिपिंडे क्वचित मज्जातंतूंवरच उलटतात. चोर समजून पहारेकऱ्याने घरधन्यालाच झोडपावे, तसा हा प्रकार! पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत हाच जिवाणू आढळला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर स्थिरावला.

नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. हद्द वाढली, जलशुद्धीकरणाची सोय मात्र मागे राहिली. न गाळलेल्या पाण्यात केवळ क्लोरीन मिसळून ते नळांना सोडले जात होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे खरोखर काटकसर झाली काय? शुद्धीकरण केंद्राचा खर्च हजारो कुटुंबांत विभागला जातो. इम्युनोग्लोब्युलिनच्या उपचाराचा लाखांच्या घरातील खर्च मात्र एकाच कुटुंबावर कोसळतो. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण त्यास आठवडे, कधी महिने लागतात. तोवर बुडालेला रोजगार कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. सार्वजनिक हिशेबात वाचलेला पैसा अशा रीतीने खासगी हिशेबात अनेक पटींनी खर्ची पडतो.

‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला योग्यच आहे. तथापि तो कायमचा उपाय मानणे म्हणजे सार्वजनिक कर्तव्य प्रत्येकाच्या चुलीवर ढकलणे होय. आणि ज्याला इंधन परवडत नाही, त्याच्यावर त्याचा भार सर्वाधिक पडतो. यापुढे हद्दवाढीचा ठराव करताना शुद्ध पाणी कोणत्या तारखेस मिळेल, हेही त्याच कागदावर लिहिले जावे. कर भरणाऱ्या नागरिकाची ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.