डायल गेजच्या स्वस्त धारकाची दृढता

घरगुती कार्यशाळेतील डायल गेजचा एक भाग सामान्यतः ०.०१ मिलिमीटर दर्शवितो. परंतु गेज ज्या दांड्यांवर बसविलेले असते त्याच तितक्या वाकत असतील, तर काटा लेथचा दोष दाखवितो की धारकाचा, हे कळत नाही. आणि निर्दोष लेथ ‘दुरुस्त’ करण्याचा प्रसंग ओढवतो.

एका टोकास घट्ट धरलेल्या गोल दांडीचा वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो व व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात घटतो. म्हणून लांबी निम्मी केल्यास त्याच भाराने येणारा वाक एक-अष्टमांश होतो. १० ऐवजी १२ मिलिमीटर व्यासाची दांडी घेतल्यास तो जवळजवळ निम्मा होतो. दांडीचे पोलाद पाणी देऊन कठीण करण्यात मात्र लाभ नाही. त्याने स्थितिस्थापकतेचा गुणांक फारसा बदलत नाही.

दुसरे वैगुण्य सांध्यांचे. स्क्रूचे टोक दांडीवर एकाच ठिकाणी टेकत असल्यास दांडी डुलते. पकडीस भोकापर्यंत फट पाडून ती आडव्या स्क्रूने आवळल्यास पकड दांडीस सभोवार धरते.

परीक्षेसाठी लेथच्या चकात जाड दंड धरून त्यावर धारक आवळावा व गेजचे टोक त्याच दंडावर टेकवावे. गेज वर असता काटा शून्यावर आणून चक हाताने अर्धा फेरा फिरवावा. काटा जितका सरकेल त्याच्या निम्मा धारकाचा वाक होय. हा वाक ज्ञात झाल्यावर हिशेबात धरता येतो. सैल सांध्याची चूक दर वेळी निराळी असल्याने धरता येत नाही. यास्तव सुधारणेचा आरंभ सांध्यांपासून करणे इष्ट.