घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याची चिमणी रात्रंदिवस धुराडते आणि तिच्याबरोबर तीन पाळ्यांत माणसेही जागी राहतात. किती पोती साखर झाली, उतारा किती पडला, याचा हिशेब आम्ही या पत्रिकेतून देत असतो. झोपेचा हिशेब मात्र आजवर कधी दिला नाही. तो द्यावासा वाटण्यास एक प्रसंग कारण झाला.

मागच्या हंगामात पहाटे साडेतीनच्या सुमारास बॉयलरवरचा एक जुना, भरवशाचा कामगार पाण्याच्या काचेसमोर बसल्या बसल्या झोपला. पातळी खाली गेल्याचा भोंगा वाजला, शेजारचा माणूस धावला, म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी मेमो गेला. पिऊन आले असतील, असेही काहीजण बोलले. वास्तविक गृहस्थ माळकरी! पुढे त्यांच्या मंडळी दुसऱ्याच कामासाठी दवाखान्यात आल्या असता सहज बोलून गेल्या, "डॉक्टरसाहेब, रात्री ह्यांचं घोरणं एकदम बंद पडतंय. मग मीच हलवून बघते, श्वास हाय का न्हाई." डॉक्टरांच्या लक्षात आले. तपासणी झाली, तेव्हा झोपेत तासाला चाळीसहून अधिक वेळा श्वास अडकत असल्याचे निघाले. मेमो मागे घेतला. तो द्यायलाच नको होता, हे आम्ही येथे मोकळेपणी नमूद करतो.

या दुखण्यास डॉक्टर मंडळी स्लीप ॲप्निया म्हणतात. आपण झोपेतला श्वासरोध म्हणू. विहिरीवरच्या मोटारीला जुना, मऊ पडलेला पाइप जोडला तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मोटार ओढू लागली की पाइप आतल्या आत चिकटतो आणि पाणी चढत नाही. गळ्याचे तसेच आहे. झोपेत जीभ व पडजिभेकडचा मऊ भाग सैल पडतो. काहींची वाट आधीच अरुंद असते. ती चिकटून बसते. छाती-पोट ओढत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी मिनिटभरही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून जागा होतो, माणूस मोठ्याने हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. तासाला पाचापेक्षा कमी वेळा असे झाले तर डॉक्टर चिंता करीत नाहीत. पंधराच्या पुढे आजार मध्यम, तिसाच्या पुढे तीव्र. म्हणजे माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण झोप त्याच्या पदरात पडत नाही.

आपल्याकडे घोरणाऱ्याला 'सुखी माणूस' म्हणायची पद्धत आहे आणि लग्नघरात त्याची कुंभकर्ण म्हणून थट्टा होते. प्रत्येक घोरणारा आजारी नसतो, हे खरे. पण घोरणे मध्येच थांबून दचका बसत असेल, सकाळी डोके जड व तोंड कोरडे असेल, रात्री लघवीला वारंवार उठावे लागत असेल, गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरत नसेल आणि दिवसा बसेल तिथे डुलकी लागत असेल, तर तपासून घ्यावे. पुरुषाच्या गळ्याचा घेर सतरा इंचांच्या वर असेल तर संशय वाढतो. मात्र हनुवटी आत असलेल्या सडपातळ माणसालाही हे होते. निजण्यापूर्वी घेतलेली दारू गळा आणखी सैल करते.

दि. १ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये सकाळची लोकल एका वळणावर रुळांवरून घसरली. तेथे ताशी ३० मैलांची मर्यादा असता गाडी ८२ मैलांनी आली. चारजण दगावले. चालक ऐन वळणावर पेंगला होता. चौकशीत त्याला तीव्र श्वासरोध असल्याचे निघाले, जो तोवर कोणी तपासलाच नव्हता. शिवाय त्याची पाळी काही दिवसांपूर्वीच बदलून पहाटेची झाली होती. आमच्या पाळी लावणाऱ्या साहेबांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आजार नसलेल्या माणसालाही थकवा सोडत नाही. शरीराचे घड्याळ रात्री दोन ते पहाटे पाचपर्यंत झोपच मागते. चहाने ते थोडे पुढे ढकलते, एवढेच. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हातपाय व डोके रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे चालते, असे ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली दाखविले. आपल्या मोटार कायद्याची दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे. आता आपल्या ऊस वाहतुकीकडे पाहा. ड्रायव्हर दुपारी फडात, संध्याकाळी रस्त्यावर, रात्रभर वाहनतळावर नंबरची वाट पाहत, आणि गव्हाणीत ऊस पडला की लगेच पुढची खेप. टनावर पैसे, म्हणून तोही थांबत नाही. आणि "आज रात्रीच माझा ऊस उचला" म्हणून फोन करणारे आपणच सभासद असतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटरने चालला, तरी चार सेकंदांच्या डुलकीत नव्वद फूट जातो. पुढे बैलगाडी असली म्हणजे?

उपाय आहेत. वजन उतरविणे, कुशीवर निजणे, दारू सोडणे यांनी सौम्य आजार कमी होतो. तीव्र आजाराला नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवणारे यंत्र वापरतात. ते ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली प्रथम मांडले. रात्री सोंड लावल्यासारखे दिसते, नातवंडे हसतात. पण आमचे बॉयलरवाले गृहस्थ आता महिनोन्‌महिने ते लावून निजतात आणि पुन्हा कामावर आहेत. काही दिवस त्यांना बॉयलरऐवजी गोदामाकडे ठेवले होते. पगारात एक पैसा कमी केला नाही.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहिले. नोकरी जाईल या भीतीने लोक आजार लपवितात, आणि मेमो देण्याची आमची सवय त्या भीतीला खतपाणी घालते. बॉयलर, टर्बाइन, क्रेन व वाहनांवरील ज्या कोणाला वरील लक्षणे जाणवत असतील, त्यांनी हंगाम संपण्याची वाट न पाहता दवाखान्यात यावे. येताना घरच्या बाईमाणसाला बरोबर आणावे. रात्री काय होते ते तिलाच ठाऊक असते.