थेंबाचा मार

जमिनीची धूप पाणी वाहू लागल्यावर सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. पहिल्या वळवानंतर मातीच्या भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे का दिसतात, हा एका वाचकाचा प्रश्न या समजाला छेद देतो. तेवढ्या उंचीवर पाणी वाहिलेले नसते. माती उडालेली असते.

रिमझिम पावसाचा 1 मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे 4 मीटर वेगाने खाली येतो, वळवाचा 5 मिलिमीटरचा टपोरा थेंब सुमारे 9 मीटर. वेग दुपटीहून थोडाच अधिक, पण वस्तुमान 125 पट. त्यामुळे आघाताची ऊर्जा 600 पटींच्याही वर जाते. उघड्या ढेकळावर हा मार बसला की ढेकूळ फुटते, कण उडतात. उतारावर खालच्या बाजूला उडालेले कण अधिक लांब पडतात, म्हणजे पाणी न वाहताही माती सरकते. 1940 च्या दशकात अमेरिकेत एलिसन यांनी हे प्रयोगांनी दाखवले. मोठी सर ओसरल्यावर मोकळ्या रानात वाकून पाहिले, तर चपट्या खड्यांखाली मातीचे छोटे खुंट उभे दिसतात. खड्याने झाकलेली माती तेवढी शाबूत, भोवतालची गेलेली.

झाडे असली की धूप नाही, हेही अर्धेच खरे. सागाच्या रुंद पानांवर पाणी साठून मोठे थेंब बनतात आणि उंचावरून पडताना पुन्हा वेग घेतात. खालचा पालापाचोळा वणव्यात जळालेला असेल, तर सागाच्या बनातही माती धुपते.

फुटलेले बारीक कण जमिनीच्या छिद्रांत बसून वर पपडी धरते आणि पाणी मुरेनासे होते. 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे 1 लाख लिटर पाणी. ते उताराला लागते.  वाहत्या पाण्यात भरड वाळू तळाशी घरंगळते आणि वेग मंदावताच बसते. चिकणमातीची गोष्ट वेगळी. स्वीडनच्या ह्युलस्ट्रॉम यांनी 1935 मध्ये मांडल्याप्रमाणे तिचे कण एकमेकांना धरून असल्याने ते उखडायला बारीक वाळूपेक्षा अधिक वेगाचे पाणी लागते. पण एकदा सुटले की संथ पाण्यातही ते तरंगत दूर जातात. सुटे करण्याचे हे अवघड काम थेंब आधीच उरकून ठेवतो. पिकाची अन्नद्रव्येही बव्हंशी याच बारीक कणांना चिकटलेली असतात.

सोलापूरकडच्या भारी काळ्या रानांत खरिपात पड ठेवून पुढे शाळू पेरण्याची जुनी वहिवाट आहे. त्यामुळे पावसाचा मोठा भाग उघड्या जमिनीवरच पडतो. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम 1942 मध्ये आला आणि पुढे या भागात समपातळी बांध मोठ्या प्रमाणावर झाले. बांध वाहते पाणी अडवतो, थेंब अडवत नाही. त्यासाठी रानावर काडीकचरा, पाचट किंवा मटकीसारखे पसरणारे पीकच हवे, आणि बांधांच्या मानाने त्याकडे लक्ष फारच कमी गेले.